पत्र्याचा छाप आणि हातची शुभेच्छापत्रे

आश्विन मास अर्धा सरला, की इंदूरच्या राजवाड्यासमोरील चौकास निराळीच कळा येते. पणत्यांच्या राशी, कागदी तोरणे, रंगीत रांगोळीचे ढीग, आणि त्या ढिगांशेजारी मांडलेले रांगोळीचे छापे. पत्र्याची वा अलीकडे प्लास्टिकची, भोके पाडलेली ही साधी चकती. तीवर रांगोळी पसरून हात फिरविला, की खाली कमळ, स्वस्तिक वा लक्ष्मीची पावले उमटतात. इंग्रजी शिकलेली मंडळी जिला स्टेन्सिल म्हणतात ती हीच वस्तू. जी युक्ती उंबऱ्यावर चालते ती कागदावरही चालते, हे ध्यानात आणून क्षमावणी, दिवाळी व संक्रांत यांची पत्रे घरच्या घरी कशी करता येतील, याविषयी चार शब्द लिहावेत असा मानस आहे.

व्यापारी वाचकांस ही कला अपरिचित नाही. किंबहुना ती मूळची त्यांच्याच वखारीतील आहे. कापडाची गाठ बांधून झाली, की बारदानावर पत्र्याचा कोरलेला मार्का धरावयाचा, काळ्या रंगात बुडविलेला आखूड केसांचा ब्रश त्यावर आपटावयाचा, आणि पेढीचे नाव, गाठीचा अंक व पोचण्याचे गाव उमटवावयाचे, हे काम इंदुरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. हुकुमचंद मिल, माळवा मिल, राजकुमार मिल यांची धुराडी जोवर धुमसत होती तोवर कोरीव पत्र्यांनाही उसंत नव्हती. हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. इतरही एकामागून एक थंडावल्या. अनेक जुन्या पेढ्यांच्या माळ्यावर ते पत्रे गंजत पडलेले असतील. ते भंगारात घालण्यापूर्वी एकवार उजेडात धरून पाहावेत. अक्षरे कशी तोडावीत व कोठे जोडून ठेवावीत याचे त्याहून उत्तम पाठ्यपुस्तक नाही.

छापील शुभेच्छापत्राचा जन्म मोठा बोलका आहे. १८४३ साली लंडन येथे हेन्री कोल नावाच्या गृहस्थांस नाताळात आलेल्या पत्रांची उत्तरे लिहावयास सवड होईना. त्यांनी जॉन हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढविले, त्याच्या हजारभर प्रती काढून हाताने रंगविल्या, आणि मित्रांस धाडून उरलेल्या एक शिलिंगास एक याप्रमाणे विक्रीस ठेवल्या. म्हणजे छापील पत्र जगात आले ते प्रेम उतू गेले म्हणून नव्हे. वेळ नव्हता म्हणून! आपल्याकडील परंपरा नेमकी उलट दिसते. पर्युषणानंतर श्रीसंघाकडून आचार्यांस धाडावयाची विज्ञप्तिपत्रे ही लांबच लांब चित्रित गुंडाळी असे; तीत क्षमापना असे, नगराचे वर्णन असे, पुढील चातुर्मासाचे आमंत्रण असे. १६१० साली आग्र्याच्या संघाने धाडलेले, उस्ताद शालिवाहन याने रंगविलेले विज्ञप्तिपत्र आजही उपलब्ध आहे. पर्युषणकाळात प्राणिहत्या बंद ठेवण्याच्या जहांगीर बादशहाच्या फर्मानाचा प्रसंग त्यात चितारलेला आहे. एका पत्रासाठी असा चित्रकार बसविणारा समाज आज भ्रमणध्वनीच्या पडद्यावर एकदा बोट टेकवून दीड हजार जणांची एकदम क्षमा मागतो. काळ बदलला, त्यास इलाज नाही. परंतु त्या दीड हजारांपैकी ज्याचे आपण खरोखर काही बिघडविले आहे, त्यास तो संदेश वाचताना काय वाटत असेल?

या प्रश्नाशी निगडित एक प्रसंग मी बालपणी पाहिला आहे. माझे वडील राजवाड्याच्या मागील गल्लीतील एका कापड पेढीवर मुनीम होते. पेढी जैन गृहस्थांची, आम्ही महाराष्ट्रीय. भाद्रपद वद्य प्रतिपदा (उत्तरेकडील पंचांगाप्रमाणे हीच आश्विन वद्य प्रतिपदा) जवळ आली, की छापखान्यातून क्षमावणीच्या पत्रिकांचा गठ्ठा येई आणि वडील रात्री कंदिलासारख्या मिणमिणत्या दिव्याखाली सातआठशे पत्ते लिहीत. यादी ठरलेली. मेलेल्यांची नावे गाळावयाची, नव्या आडत्यांची घालावयाची, एवढाच काय तो फरक.

१९६० नंतरच्या काही वर्षांतील ही गोष्ट. पेढीवरून बाहेरगावी गेलेल्या काही गाठींवर चुकीचा मार्का पडला. माल हलका, छाप चढ्या मालाचा. ज्या दलालाच्या शब्दावर तो माल गेला होता त्याची गिऱ्हाइकाकडे नाचक्की झाली. शेठजींनी भावातील फरक पैपैसा चुकता केला, परंतु चूक आपल्या वखारीत झाली हे काही ते तोंडाने बोलले नाहीत. दलालाचे येणेजाणे बंद पडले. त्या भाद्रपदात नेहमीप्रमाणे छापील पत्रिका त्याच्याही पत्त्यावर गेली, आणि चार दिवसांनी ती परत आली. पाठीमागे पेन्सिलीने एवढेच लिहिले होते, की ही पत्रिका मला आहे की यादीला?

शेठजी ती पत्रिका बराच वेळ हातात धरून बसले. मग वडिलांस म्हणाले, "मुनीमजी, तो पत्रा काढा." तोच, चढ्या मालाचा. शेठजींनी वहीचा कोरा ताव गादीवर पसरला, पत्रा त्यावर धरला, आणि आयुष्यात प्रथमच स्वतःच्या हाताने ब्रश आपटला. रंग पत्र्याखाली पसरून अक्षरे बुजली. दुसरा ताव, तिसरा, चौथा, सारे वाया. हमाल दाराशी उभे राहून हसू दाबीत होते. पाचव्या तावावर मार्का स्वच्छ उमटला. त्याखाली शेठजींनी स्वहस्ते लिहिले, की हा छाप चुकीच्या मालावर पडला, दोष माझ्या पेढीचा, तुमचा नव्हे, मिच्छामि दुक्कडम्. वडील तो ताव घेऊन दलालाच्या घरी गेले, आणि मी त्यांच्या बोटास धरून. दलालाने तो वाचला, घडी करून अंगरख्याच्या आतील खिशात ठेवला, आणि आम्हांस पाणी दिले. पुढे त्यांचा व्यापार पूर्ववत झाला असे मी म्हणणार नाही. तो गृहस्थ तोवर दुसऱ्या पेढीशी बांधला गेला होता. मात्र त्या दिवाळीस वहीपूजनाला तो आला, पानसुपारी होईपर्यंत बसला, आणि उठताना शेठजींनी त्यास दारापर्यंत पोचविले. तो पत्रा पुढे वडिलांनी मागून घेतला. आज तो माझ्यापाशी आहे.

आता कृतीकडे वळू. छापासाठी पुठ्ठा निवडताना फाइलीचे जाड आवरण घ्यावे. दोन्ही बाजूंस जवसाचे तेल चोळून ते दोरीवर वाळवावे, म्हणजे रंगाने भिजून तो फुगत नाही. घरात जुन्या क्ष-किरण छायाचित्राची फिल्म असल्यास ती धुऊन वापरावी. ती पारदर्शक असल्याने खालील रेखाटन दिसते आणि शेकडो छापांनंतरही तिची धार बिघडत नाही. कोरण्यास चांगली धारदार सुरी हवी. मुलांच्या हाती ती देऊ नये, त्यांच्याकडे छापण्याचे काम द्यावे.

देवनागरीतील छाप कोरणे ही मात्र परीक्षा आहे. रोमन लिपीत थोडीच अक्षरे पोटाशी बंद आहेत. आपल्या लिपीत 'व', 'ब', 'क', 'ळ' यांची पोटे बंद. कोरताना पोट सुटून खाली पडते आणि 'व'च्या जागी नुसता डाग उमटतो. म्हणून पोट बाहेरच्या पुठ्ठ्याशी बारीक पट्टीने जोडून ठेवावे लागते. 'दिवाळी' या एका शब्दात अशी तीन पोटे सांभाळावी लागतात! दुसरी अडचण शिरोरेषेची. ती सलग कोरली, की पुठ्ठा तेथे लोंबतो व रंग आत शिरतो. मार्का कोरणाऱ्या जुन्या कारागिरांनी यावर सोपा तोडगा काढला होता. ते प्रत्येक अक्षरावर शिरोरेषा तोडीत. हौशी मंडळींस ते अशुद्ध वाटते, परंतु छापल्यावर डोळा ती तुटलेली रेघ आपोआप जोडून घेतो.

अक्षरांचा कंटाळा आल्यास समोरचा राजवाडाच कोरावा. होळकरांचा हा वाडा सात मजली, खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी. १९८४ सालच्या आगीत याचा मागील भाग बहुतांशी जळाला व पुढे तो पुन्हा उभारण्यात आला. दर्शनी भागाची ओळख इंदूरकर मुलास झोपेतही पटेल. महाद्वार मध्ये असून दोन्ही बाजू सारख्या, तेव्हा पुठ्ठा उभा दुमडून अर्धाच कोरला तरी उलगडल्यावर पूर्ण वाडा मिळतो. मजल्यामजल्यांमधील आडव्या पट्ट्या जशाच्या तशा राखाव्यात. छापास धरून ठेवणारे पूल त्याच होतात. खिडक्या तेवढ्या कापाव्यात, झरोक्यांच्या नक्षीचा मोह आवरावा.

रंग भरताना ब्रश आडवा ओढू नये, उभा आपटावा, आणि ब्रशवर रंग इतका कमी असावा की आधी रद्दी कागदावर टेकवून तो कोरडा वाटला पाहिजे. शेठजींचे चार ताव याच एका गोष्टीने वाया गेले. ब्रशऐवजी कापडाचा घट्ट बोळाही चालतो. मुलांस सर्वांत आवडते ती तुषारांची रीत: जुना दातांचा ब्रश पातळ रंगात बुडवून फणीवर घासावा, म्हणजे छापाभोवती बारीक शिंतोडे उडून आकृती पांढरी राहते. हे अंगणात करावे. नंतर भिंती धुण्याचे काम कोणास करावे लागते हे गृहिणींस सांगावयास नको.

ठशांविषयी शाळेत शिकवितात की बटाटा कापून त्यावर नक्षी कोरावी. जैन घरांत कंदमूळ वर्ज्य, तेव्हा हा धडा तेथे पहिल्याच ओळीस अडतो. भेंडीचा आडवा काप पाच पाकळ्यांचे सुबक फूल उमटवितो, हे खरे. परंतु क्षमावणीची पत्रे पडतात ती पर्युषणाच्या दिवसांत, आणि तेव्हा अनेक घरांत हिरवी भाजीही चिरली जात नाही. क्षमेच्या पत्रासाठी भेंडी कापणे मलाही प्रशस्त वाटत नाही. त्यापेक्षा खोडरबर कोरावा, बाटलीचे बूच घ्यावे, किंवा लाकडी ठोकळ्यावर डिंकाने सुतळी वेटोळी चिकटवावी. अक्षरांचा ठसा कोरावयाचा तर ती उलटी कोरावी लागतात. छापाच्या पुठ्ठ्यास हे बंधन नाही.

ज्यांस अस्सल ठसे हवेत त्यांनी धार जिल्ह्यातील बाग गावाची वाट धरावी. इंदुराहून सुमारे दीडशे किलोमीटरांवरील या गावी खत्री कारागीर लाकडी ठशांनी लाल व काळ्या रंगांत कापड छापतात. कापडास नको झालेला झिजलेला ठसा कागदावर मोठी मऊ छाया उमटवितो. अशा ठशांनी सुती पिशव्या, पूजेचे रुमाल, वहीची वेष्टणे छापून भेट म्हणून देता येतात. मिठाईच्या पेटीवर पेढीचे छापील नाव असते, त्याहून ही वस्तू घरात अधिक काळ राहते.

कागदासाठी खजुरी बाजारात खेप घालण्याची गरज नाही. व्यापाऱ्याच्या घरी लग्नपत्रिकांचा तोटा नसतो. त्यांच्या जाड, कोऱ्या पाठी कापून घ्याव्यात. टाकाऊतून चित्र पाहण्याची दृष्टी तर याच गावाची देणगी आहे. दत्तात्रेय देवळालीकरांनी १९२७ साली येथे चित्रकलेची शाळा उभी केली, बेंद्रे व हुसेन यांच्यासारखे चित्रकार तीतून गेले, आणि विष्णू चिंचाळकर गुरुजींनी वाळकी पाने, काटक्या व फाटके कागद यांतून चेहरे उभे करून दाखविले. संक्रांतीच्या पत्रास चिमूटभर हलव्याची पुडी चिकटवून पुण्या-नागपूरच्या आप्तांस धाडण्याची रीत इंदूरच्या महाराष्ट्रीय घरांत होती. तीही या पत्रांसह पुन्हा सुरू करता येईल.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली. घरातील चार माणसे एका रविवारी बसली, तर चाळीसपन्नास पत्रे होतात. हात त्यापलीकडे जात नाहीत. म्हणून आधी यादी करावी लागते, आणि सातआठशेंतून चाळीस नावे निवडावयास घेतली की पेन बराच वेळ थांबतो. आमच्या घरी या यादीला एक संध्याकाळ लागते, छापण्यास दुसरी. प्रत्येक पत्राखाली निदान एक ओळ स्वतःच्या हाताने लिहावी, आणि ज्याच्या त्याच्याशी घडलेली गोष्ट तीत असावी. तीच ओळ सर्वांस लिहावयाची असेल तर छापखानाच बरा.

क्षमावणीसाठी पत्रे करावयाची असतील तर तेलाचा पुठ्ठा ज्येष्ठातच, पावसापूर्वी, वाळवून ठेवावा. भाद्रपदाच्या दमट हवेत जवसाचे तेल दिवसेंदिवस चिकट राहते आणि पहिल्याच छापास कागद पुठ्ठ्यासह उचलला जातो.