ऐकू येते, पण कळत नाही

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत वर्षानुवर्षे यंत्रांच्या खडखडाटात काम केलेला एखादा गृहस्थ निवृत्तीनंतर हौसेने व्याख्यानास येतो. कानाला श्रवणयंत्र असते. सभेत हशा पिकला की तो आधी शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि मग हसतो. पुढे तो येईनासा होतो. घरची मंडळी म्हणतात, "यंत्र घेऊन दिले, तरी यांचे लक्षच नसते!" हा आरोप अन्यायाचा आहे, हे आम्हांस येथे सांगावयाचे आहे.

अंतर्कर्णात केसाळ अशा सूक्ष्म पेशी असतात. वयाने किंवा गोंगाटाने त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. बहुधा प्रथम जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. त्यामुळे 'आ', 'ओ' ऐकू येतात. पण 'स', 'त', 'क' यांसारखी नाजूक व्यंजने हरवतात. मग ताट, पाट आणि खाट सारखेच वाटू लागतात. यंत्र आवाज मोठा करते. गेलेल्या पेशी परत आणीत नाही.

आता सभागृहाकडे पाहू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. वक्त्याचा शब्द प्रथम सरळ येतो, मग भिंतींवरून आणि पत्र्यावरून. लगेच परतलेला ध्वनी मूळ शब्दास बळ देतो. उशिरा आलेला पुढच्या शब्दावर पडतो. वेरुळच्या १० व्या लेण्यातील पाषाणी चैत्यगृहात संथ पठण गोड वाटते, पण तेथे भरभर बोलल्यास गोंधळ होईल. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या एका नव्या व्याख्यानगृहात शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत असे. वॉलेस सॅबिन या अध्यापकांनी खुर्च्यांच्या गाद्या आणून मांडल्या आणि मऊ वस्तू घुमणे किती शोषतात, हे मोजून दाखविले. व्याख्यानास हे घुमणे एका सेकंदाच्या आसपास असावे.

निरोगी माणूस दोन कान आणि मेंदू यांच्या साहाय्याने गर्दीतून एक आवाज निवडतो. यंत्र मात्र पंखा, खुर्च्यांची ओढाओढ आणि वक्ता, सर्वांनाच मोठे करते. नवी यंत्रे गोंगाट काहीशी कमी करतात. परंतु घुमणारा आवाज वक्त्याचाच असल्याने तो वेगळा काढणे त्यांनाही कठीण जाते.

तेव्हा उपाय सभेनेही केला पाहिजे. ऐकण्यास कष्ट पडणाऱ्यांसाठी पुढची रांग राखावी. पडदे लावावेत, सतरंज्या अंथराव्यात, खडखडणारे पंखे थांबवावेत. ध्वनिक्षेपक नुसता मोठा करू नये. त्याने घुमणेही वाढते. वक्त्याने सावकाश आणि उजेडात तोंड दिसेल असे बोलावे. शक्य तेथे सभागृहाभोवती तारेचे वेटोळे बसवावे. ध्वनिक्षेपकाचा विद्युत्प्रवाह त्यातून खेळतो, आणि ज्या श्रवणयंत्रात त्यासाठी छोटे वेटोळे असते, ते चुंबकीय लहरींतून वक्त्याचा शब्द थेट टिपते. मधल्या हवेचा आणि भिंतींचा संबंधच उरत नाही.

ऐकणे हे एकट्या कानाचे काम नाही. त्यात बोलणारा, घर आणि शेजारी यांचाही वाटा आहे. "लक्ष नसते" असे म्हणण्यापूर्वी आपण आपला वाटा उचलला का, एवढे पाहावे.