कांदा अनुदान : सातबारा, पट्टी आणि तारीख, पैसे कुठे अडतात?

आळेफाटा, ओतूर किंवा मंचरच्या बाजारात कांद्याचा भाव दहा किलोवर सांगितला जातो. सरकारी अनुदान मात्र क्विंटलवर ठरते. २०२३ मध्ये राज्य सरकारने क्विंटलमागे ३५० रुपये दिले, म्हणजे दहा किलोला ३५ रुपये. पण जुन्नर-आंबेगावात कांदा पिकवणारा प्रत्येक जण त्याला पात्र नव्हता. का, ते समजून घेऊ.

अनुदान का द्यावे लागले?

कांद्याला हमीभाव नाही. त्यामुळे भाव कोसळला की सरकारला दर वेळी वेगळा निर्णय घ्यावा लागतो. २०१८-१९ मध्ये क्विंटलला २०० रुपये मिळाले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत भाव पुन्हा गडगडले. मार्चमध्ये सरकारने आधी ३०० रुपये जाहीर केले. नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चानंतर ते ३५० झाले.

अटी काय होत्या?

- कांदा लेट खरिपाचा, लाल असावा.
- विक्री १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ दरम्यान झालेली असावी.
- बाजार समिती, खासगी बाजार, थेट पणन परवानाधारक किंवा नाफेडकडे विकलेला असावा. मुंबई बाजार समिती वगळली होती.
- एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २०० क्विंटल, म्हणजे ७० हजार रुपये.
- अर्जासोबत विक्रीची मूळ पट्टी, कांद्याची नोंद असलेला सातबारा, बँक पासबुक आणि आधार.

या दोन तालुक्यांत अडचण कुठे आली?

पहिली अडचण हंगामाची. इथे उन्हाळ कांद्याचे क्षेत्र मोठे आहे. तो मार्च-एप्रिलमध्ये काढून बराखीत ठेवतात आणि भाव पाहून पुढे महिनोन्महिने विकतात. हा कांदा योजनेत बसत नव्हता.

दुसरी बाजाराची. ज्यांनी माल थेट वाशीला पाठवला, त्यांची पट्टी खरी असूनही उपयोगाची नव्हती.

तिसरी सातबाऱ्याची. शेतात कांदा होता, पण ई-पीक पाहणीत नोंद केली नाही, अशांचे अर्ज अडले. राज्यभर तक्रारी झाल्यावर गावपातळीवरील समितीच्या दाखल्याची सोय झाली. सातबारा वडिलांचा आणि पट्टी मुलाच्या नावाची असेल, तर सहमतीचे शपथपत्र लागले. पैसे मात्र सातबारा ज्याच्या नावे, त्याच्याच खात्यात.

पैसे कधी आले?

कांदा फेब्रुवारी-मार्चमध्ये विकला, वाटप सुरू झाले सप्टेंबरमध्ये, तेही टप्प्याटप्प्याने. पुण्यासह ज्या जिल्ह्यांची मागणी मोठी होती, तिथे पहिल्या टप्प्यात पूर्ण रक्कम मिळाली नाही. तोवर केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले होते. डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच आली. एका हंगामाच्या तोट्याचे पैसे हाती येईपर्यंत पुढच्या कांद्याचा भाव दबला होता.

फक्त कांद्यालाच हे लागू आहे का?

नाही. २०२३ च्या खरिपातील सोयाबीन आणि कापसासाठी हेक्टरी ५ हजार रुपये, दोन हेक्टरपर्यंत, जाहीर झाले. तिथेही आधी ई-पीक पाहणीची नोंदच पाहिली गेली. अनुदान जाहीर होते विक्रीनंतर, पण त्यासाठी लागणारा पुरावा उभ्या पिकातच तयार करावा लागतो.

आता काय करावे?

- दर हंगामात मुदतीत ई-पीक पाहणी करा. दोन पिके असतील तर दोन्हींची नोंद करा.
- नोंद सातबाऱ्यावर उतरली का, ते तपासा. नसेल तर तलाठ्याकडे लगेच जा.
- पट्टी शक्यतो सातबारा ज्याच्या नावे आहे, त्याच्याच नावाने करा. मूळ पट्टी जपून ठेवा.
- बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, ते पाहा.