डोक्यात जाणारी माणसं, तरी पुढचा एपिसोड!

तुमच्या रूमवर असा एकजण असतोच. मेसचे पैसे थकवतो, तुमचा चार्जर घेऊन गावाला जातो आणि वर तुम्हालाच ऐकवतो, ‘लेका, तू लईच हिशेबी झालास!’ प्रत्यक्षात असा गडी डोक्यात जातो. पण तोच पडद्यावर आला की रात्री दोनपर्यंत जागून आपण त्याचे एपिसोड संपवतो. कामून बरं?

अमेरिकेत २००५ मध्ये ‘इट्स ऑलवेज सनी इन फिलाडेल्फिया’ सुरू झाली. एक कळकट बार आणि तिथले पाचजण. खोटारडे, आळशी, स्वार्थी, एकमेकांचे पाय ओढायला टपलेले. २०२१ मध्ये तिचा पंधरावा सीझन आला आणि प्रत्यक्ष कलाकारांच्या अमेरिकन सिटकॉममध्ये सर्वाधिक सीझनचा विक्रम तिच्या नावावर लागला. २०२५ मध्ये सतरावाही आला. वीस वर्षं झाली, पण पाचातला एकही सुधारला नाही!

गंमत तिथंच आहे. तुम्हाला दिवसभर सुधारायला सांगणारे कमी आहेत का? घरी आई-बाबा, कॉलेजात सर, लग्नात भेटलेले मामा. भरतीचं काय, एमपीएससीचं काय, पुढं काय? इथं वीस-बावीस मिनिटं तरी कुणी शिकवण देत नाही. जे आपल्या मनात येतं पण करायची हिंमत होत नाही, ते ही माणसं बिनधास्त करतात आणि मग तोंडावर आपटतात. आपण हसतो. आपण एवढे वाईट नाही, असं वाटून बरंही वाटतं.

हे आपल्याला नवं नाही. द. मा. मिरासदारांच्या कथांतले नाना चेंगट, बाबू पैलवान आठवा. थापा मारणारी, कामाला टाळणारी ही मंडळी कथेगणिक तशीच राहिली, म्हणून तर लाडकी झाली. टीव्हीवर २०२० मध्ये ‘देवमाणूस’ आली. गावाचा लाडका डॉक्टर, आतून थंड डोक्याचा खुनी. सोबतीला सरू आजीच्या तोंडाचा पट्टा. त्यामुळं अंगावर काटाही यायचा आणि हसूही फुटायचं. मालिका संपली, पण २०२१ मध्ये दुसरा भाग आला, २०२५ मध्ये तिसरा. माणूस नीच, तरी बघणारे हटेनात.

आता जरा आपल्या जिल्ह्याकडं बघू. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली. त्यानंतर जिल्ह्यातले पिस्तूल दाखवणारे, दादागिरी मिरवणारे रील्स राज्यभर चर्चेत आले. त्या रील्सखाली बदाम टाकणारी बोटं कुणाची होती? आपल्याच वयाच्या पोरांची.

वाईट माणूस तिथंही आहे आणि सिरीजमध्येही. मग फरक काय? रील तीस सेकंदांचं. स्लो मोशन, मागं गाणं, आणि गडी तोंडावर आपटायच्या आधीच व्हिडिओ संपतो. चांगली काळी कॉमेडी मात्र कॅमेरा हलवत नाही. ती त्या माणसाचा भित्रेपणा दाखवते, एकटेपणा दाखवते, त्याचे फसलेले डाव दाखवते. ती त्याला हिरो होऊ देत नाही, हास्यास्पद करून सोडते. ज्याच्यावर हसता येतं, त्याची दहशत राहत नाही.

‘साइनफेल्ड’ ही अशीच एक जुनी सिरीज. शेवटच्या भागात, १९९८ मध्ये, चौघा मित्रांसमोर एका माणसाला लुटलं जातं. ते मदत करत नाहीत. एकजण शूटिंग करतो, बाकीचे खिदळतात. कोर्ट चौघांनाही वर्षभर तुरुंगात पाठवतं. नऊ सीझन त्यांच्याबरोबर हसलेल्या प्रेक्षकांना हा शेवट झोंबला होता.

तेव्हा अशा सिरीज बिनधास्त बघा, पोट धरून हसा. फक्त एवढं तपासा, की आपण त्या माणसावर हसतोय, की त्याच्यासारखं व्हावंसं वाटायलंय? पहिलं असेल तर लावा पुढचा एपिसोड. दुसरं असेल तर मोबाइल ठेवा, अन् चहाला बाहेर पडा. आणि हो, रूममेटचा चार्जर परत द्या.