पाठीवरचं मूल

3 जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीला, सकाळी बेळगावातल्या अनगोळच्या गल्लीत थांबून बघावं. चौथीतली पोर नऊवारी नेसून शाळेला निघालेली असते. निऱ्या सुटू नयेत म्हणून आईनं चार पिना टोचलेल्या, कपाळावर आडवं कुंकू, काखेत पाटी. ओठांत भाषणाची उजळणी चाललेली. भाषणात 1848 सालची पुण्यातल्या भिडे वाड्यातली मुलींची शाळा येते, सावित्रीबाईंच्या अंगावर फेकलेलं शेण येतं आणि शेवटी एक घाईचं वाक्य: 10 मार्च 1897 रोजी प्लेगने त्यांचे निधन झाले.

हे वाक्य अपुरं आहे.

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांत पुण्यात पोचला. ताप चढायचा, काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची आणि चार-सहा दिवसांत माणूस जायचा. पुढे बेळगाव भागातही साथ आली. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडायचं आणि मळ्यात झोपडी घालायची, एवढंच लोकांच्या हाती होतं. रोगाचा जंतू 1894 मध्ये सापडला होता, पण तो उंदरावरच्या पिसवांमधून माणसात येतो हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं ते 1898 मध्ये. सावित्रीबाईंना पिसवांचं ठाऊक असणं शक्यच नव्हतं. आजाऱ्याजवळ जाणं जिवावर बेतू शकतं, हे मात्र सगळं पुणं बघत होतं.

त्यांचं वय तेव्हा 66. दत्तक मुलगा डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाडांचा मुलगा आजारी पडल्याचं कळताच सावित्रीबाई तिथे गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला, असं सांगतात. सावित्रीबाईंना मात्र प्लेगनं गाठलं.

ज्याला जातीमुळे कुणी शिवत नव्हतं आणि आता रोगामुळेही शिवणार नव्हतं, असं ते पोर. पण सावित्रीबाई आणि त्यांचे पती जोतिराव यांनी 1868 मध्येच घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. म्हणून मुंढव्याची ती वाट मला भिडे वाड्यापासूनच सुरू झालेली दिसते. ते मूल त्यांच्या वर्गातलं नव्हतं, पण कुठलंच मूल त्यांनी परकं मानलं नाही.

मुलांसाठी जीव पणाला लावणारी शिक्षिका आपल्या काळातही दिसली. 16 डिसेंबर 2014 ला पाकिस्तानातल्या पेशावरच्या आर्मी पब्लिक स्कूलवर हल्ला झाला, तेव्हा मुख्याध्यापिका ताहिरा काझी मुलांना सोडून गेल्या नाहीत आणि प्राणाला मुकल्या. शिक्षिकेचा हा धर्म देश-भाषा ओळखत नाही.

आपल्याकडे जयंती थाटात होते आणि 10 मार्च परीक्षेच्या धांदलीत निघून जातो. त्या दिवशी वर्गात पाच मिनिटं काढावीत. आणि पुढच्या जानेवारीत त्या पोरीच्या भाषणातलं शेवटचं वाक्य बदलावं: एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखान्यात नेलं आणि त्यातच प्लेग होऊन माझी सावित्रीमाय गेली.