कोरियन पॉप-संगीताचा जागतिक प्रसार : एक कारणमीमांसा

कोरियन भाषेचा गंधही नसलेल्या कोट्यवधी श्रोत्यांनी त्या भाषेतील गीते आपलीशी करावीत, ही घटना संस्कृतीच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारी आहे. डिसेंबर २०२० मध्ये ‘बीटीएस’ या गायकसमूहाचे ‘लाइफ गोज ऑन’ हे बहुतांशी कोरियन भाषेतील गीत अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ या सूचीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झाले. असे पूर्वी कधी घडले नव्हते. या यशाची उपपत्ती सामान्यतः दोन प्रकारे लावली जाते. काहींच्या मते ते कोरियन शासनाच्या सांस्कृतिक धोरणाचे फळ होय. इतरांच्या मते त्या गीतांच्या अंगभूत आकर्षकतेचे. दोन्ही मतांत तथ्यांश आहे; परंतु दोन्ही अपुरी आहेत.

प्रथम शासनाचा विचार करू. दक्षिण कोरियाने सांस्कृतिक उद्योगांच्या संवर्धनाचा मूलभूत कायदा १९९९ मध्ये केला, हे खरे. तथापि या संगीताचा पाया त्यापूर्वीच घातला गेला होता. १९९२ मध्ये ‘सो तैजी अँड बॉइज’ या त्रयीने दूरचित्रवाणीवर अमेरिकन धाटणीचे रॅप गायिले, तेव्हा परीक्षकांनी त्यांना अत्यल्प गुण दिले. तरुण श्रोत्यांनी मात्र त्यांना डोक्यावर घेतले. १९९६ मध्ये ध्वनिमुद्रिकांची पूर्वपरीक्षा संपुष्टात आली आणि गीतकारांना मोकळीक मिळाली. उलटपक्षी, क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेसंबंधीच्या शासकीय निर्णयामुळे २०१६ नंतर कोरियन कलावंतांना चीनची बाजारपेठ जवळजवळ बंद झाली. तरीही त्यांचा जागतिक प्रसार थांबला नाही. तेव्हा शासन हे साहाय्यक कारण ठरते, मूळ कारण नव्हे.

मूळ कारण देशाच्या लहानपणात शोधले पाहिजे. सुमारे पाच कोटी लोकवस्तीच्या या देशात वेगवान इंटरनेट लवकर पसरले आणि २००० नंतर ध्वनिमुद्रिकांची देशांतर्गत विक्री झपाट्याने घसरली. केवळ घरच्या श्रोत्यांवर मोठा खर्च भागणे कठीण झाले, तेव्हा निर्यात ही महत्त्वाकांक्षा न राहता निर्वाहाची गरज बनली. ‘एसएम’ कंपनीने बोआ या किशोरवयीन गायिकेस जपानी भाषेत गाण्यास सिद्ध केले आणि २००२ मध्ये तिची ध्वनिमुद्रिका जपानच्या ‘ओरिकॉन’ सूचीत अग्रस्थानी गेली.

या गरजेतूनच आजची निर्मितिपद्धती घडली. चाली जेथे उत्तम मिळतील तेथून घ्यावयाच्या : ‘गर्ल्स जनरेशन’ या समूहाचे २००९ चे ‘जिनी’ नॉर्वेच्या संगीतकारांकडून आले, तर २०११ च्या ‘द बॉइज’मागे अमेरिकन टेडी रायली होता. गायक-नर्तक मात्र स्वतः घडवावयाचे; त्यांना कंपनीत कित्येक वर्षे गायन, नृत्य व परभाषा यांची उमेदवारी करावी लागते. गीत ऐकण्याइतकेच पाहण्यासाठीही रचावयाचे, म्हणजे शब्द न कळले तरी पदन्यास व हातवारे स्मरणात राहतात. चित्रफीत विनामूल्य सर्वांपुढे ठेवावयाची. साय या गायकाचे ‘गंगनम स्टाइल’ २०१२ मध्ये यूट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिली गेलेली पहिली चित्रफीत ठरले, ते याच मार्गाने.

परंतु या पद्धतीचा सर्वांत परिणामकारक भाग म्हणजे श्रोत्यास दिलेले काम. चाहते गीतांची भाषांतरे करतात, चित्रफितींना उपशीर्षके जोडतात, मतदान करतात, आणि आतील निरनिराळ्या छायाचित्रांसाठी एकच ध्वनिमुद्रिका अनेकवार विकत घेतात. भाषेची दरी कंपन्यांपेक्षा या विनावेतन श्रमानेच अधिक बुजविली, आणि ज्यावर आपण श्रम केले ते आपले वाटू लागते. आरंभी मांडलेल्या कोड्याचे उत्तर पुष्कळ अंशी येथे आहे.

श्रमाचा हा विचार उमेदवारांनाही लागू करावयास हवा. बहुसंख्य उमेदवार रंगमंचापर्यंत पोहोचतच नाहीत, आणि अनेक कंपन्यांत जे पोहोचतात त्यांच्या मिळकतीतून प्रशिक्षणाचा खर्च वसूल होतो. २००९ मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या समूहाच्या तीन गायकांनी आपल्या तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. त्याच वर्षी तेथील व्यापार आयोगाने सात वर्षांच्या मर्यादेचा नमुना-करार प्रसृत केला. सुधारणा झाली, पण यशाची अनिश्चितता पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या शिरावर टाकणारी रचना बदलली नाही.

आता ही पद्धती कोरियाबाहेरही रुजत आहे. २०२५ मध्ये ‘के-पॉप डेमन हंटर्स’ या अमेरिकन निर्मितीच्या सचेतपटातील ‘गोल्डन’ हे गीत बिलबोर्ड सूचीत अग्रस्थानी पोहोचले. जे इतरांस उचलता येते, त्याची उपपत्ती राष्ट्रीय प्रतिभेपेक्षा श्रमाच्या संघटनेत शोधणे सयुक्तिक होय. हे मान्य केल्यास या संगीताचा अभ्यास केवळ सूचींतील क्रमांकांवर थांबू शकत नाही. ते क्रमांक कोणाच्या श्रमावर उभे राहिले आणि त्या श्रमाचा मोबदला कोणास मिळाला, हेही पाहावे लागेल.