व्याख्यान सर्वांचे, संवाद कोणाचा?

‘प्रवेश विनामूल्य, सर्वांना आग्रहाचे निमंत्रण’ एवढे छापले की व्याख्यान सार्वजनिक झाले, असे आपण धरून चालतो. पण दार उघडे असणे आणि विचार खुला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पदवीच्या वाटेने न जाता वाचत-शोधत आलेल्या माझ्यासारख्याला हा फरक विशेष जाणवतो. तो नीट समजून घ्यायचा, तर पॅरिसमधील ‘कोलेज द फ्रान्स’ या संस्थेकडे पाहावे.

ग्योम ब्युदे या विद्वानाच्या आग्रहावरून राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३० मध्ये ग्रीक, हिब्रू यांसारख्या विषयांसाठी ‘राजव्याख्याते’ नेमले. तेव्हाच्या विद्यापीठाने ज्या विद्यांना थारा दिला नव्हता, त्यांच्यासाठी ही सोय होती. तिथूनच ही संस्था वाढली. आजही येथे नावनोंदणी नाही, परीक्षा नाही, पदवी नाही. कोणीही यावे आणि बसावे. बंधन आहे ते प्राध्यापकावर. त्याने दरवर्षी स्वतःचे नवे संशोधन मांडले पाहिजे. जुन्या टिपणांवर निभावता येत नाही. श्रोत्याला येथून काही पदरात पाडून घ्यायचे नसते आणि वक्त्याला नवे काही दिल्यावाचून सुटका नसते. सार्वजनिकतेचा खरा गाभा मला या अटीत दिसतो.

अशा खुलेपणाची सत्तेला धास्ती वाटते. १८६२ मध्ये हिब्रूच्या अध्यासनावरून दिलेल्या पहिल्याच व्याख्यानात अर्नेस्त रेनां यांनी येशूचा उल्लेख ‘अतुलनीय माणूस’ असा केला. माणूस म्हटल्याने गदारोळ उठला आणि सरकारने त्यांची व्याख्याने थांबवली. पुढे १८७० मध्ये त्यांना ते अध्यासन परत मिळाले. हेच मत ग्रंथात दडून राहिले असते, तर कदाचित इतक्या तातडीने कारवाई झाली नसती.

या परंपरेचा एक धागा आपल्या भाषेपर्यंत येतो. मराठीच्या घडणीचा ऐतिहासिक अभ्यास करणारे ज्यूल ब्लॉक हे सिल्व्हाँ लेव्ही आणि आंत्वान मेये यांचे शिष्य. हे दोन्ही गुरू याच संस्थेत शिकवत. स्वतः ब्लॉक १९३७ ते १९५१ या काळात तेथे संस्कृतचे प्राध्यापक होते. त्यांचा फ्रेंच ग्रंथ वासुदेव गोपाळ परांजपे यांनी ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने १९४१ मध्ये मराठीत आणला.

मात्र खुल्या दाराची किंमतही असते. मिशेल फुको यांच्या व्याख्यानांना तीनशेच्या सभागृहात पाचशे माणसे दाटीवाटीने बसत. मेजावर टेपरेकॉर्डरांची गर्दी. व्याख्यान संपताच लोक मेजाकडे धावत, ते प्रश्न विचारायला नव्हे, आपापले यंत्र बंद करायला. चर्चा होत नाही, ही खंत फुको यांना होती. १९७६ मध्ये त्यांनी व्याख्यानाची वेळ संध्याकाळी पावणेसहावरून सकाळी साडेनऊवर नेली. लवकर उठायचा कंटाळा असणारे गळतील, हा हिशेब. विचार सर्वांसमोर मांडायचा होता, पण सर्व जमल्यामुळेच त्यावर बोलणे अशक्य झाले होते.

तरीही त्या यंत्रांनी एक मोठे काम केले. ‘मरणोत्तर प्रकाशन नको’ अशी फुको यांची इच्छा होती. तथापि जे जाहीरपणे बोलले गेले ते प्रसिद्धच झालेले आहे, अशा भूमिकेतून १९९७ पासून ध्वनिफितींच्या आधारे त्यांच्या व्याख्यानमाला ग्रंथरूपात येऊ लागल्या. सभागृहात ज्यांना जागा नव्हती, किंवा जे त्या शहरात कधी जाणारच नव्हते, त्यांच्यापर्यंत ते शब्द पोहोचले. माझी आणि या व्याख्यानांची गाठ पडली ती अशीच, छापील पानांतून.

आपल्याकडे व्याख्यानमालांची उणीव नाही. पण वक्ता बहुधा पुस्तकात येऊन गेलेलेच सांगतो, आणि श्रोत्यांचे प्रश्न आभारप्रदर्शनाच्या घाईत राहून जातात. म्हणून माझ्या मते सार्वजनिक व्याख्यानाच्या कसोट्या दोन. वक्त्याने अजून पुरता न सुटलेला प्रश्न घेऊन यावे, आणि त्यावर बोलायला श्रोत्यांसाठी वेळ राखावा. पहिली कसोटी कोलेज द फ्रान्सने पाळली. दुसरी मोठ्या गर्दीत तिलाही अवघड गेली. आपली पन्नास-साठ माणसांची छोटी सभागृहे या बाबतीत उलट भाग्यवान आहेत.