सोनोग्राफी-मार्गदर्शित आघात तरंग चिकित्सा
सोनोग्राफी-मार्गदर्शित आघात तरंग चिकित्सा ही मुतखड्यावरील एक उपचारपद्धती आहे. तीत शरीराबाहेर निर्माण केलेले आघात तरंग खड्यावर केंद्रित करून तो फोडला जातो आणि खड्याचे स्थान सोनोग्राफीने निश्चित केले जाते. शरीरावर छेद घ्यावा लागत नाही. खड्याचे बारीक तुकडे लघवीवाटे बाहेर पडतात.

इतिहास
ख्रिश्चन शॉसी यांनी फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिक येथे डॉर्निए कंपनीच्या यंत्राने मानवी रुग्णावर हा उपचार प्रथम केला. सुरुवातीच्या यंत्रांत खड्याचा वेध क्ष-किरणांनी घेतला जाई. सोनोग्राफीचा वापर पुढे रूढ झाला.

कार्यपद्धती
सोनोग्राफीच्या पडद्यावर खडा तेजस्वी ठिपक्यासारखा दिसतो व त्यामागे काळी सावली पडते. तरंगांचा केंद्रबिंदू पडद्यावर खुणेने दर्शविलेला असतो. खडा त्या खुणेवर येईपर्यंत रुग्णाचे टेबल सरकवतात. श्वासाबरोबर मूत्रपिंड वर-खाली होत असल्याने खडा खुणेपासून ढळतो. नेम चुकलेले आघात खडा फोडत नाहीत, उलट मूत्रपिंडाच्या ऊतींना इजा करू शकतात. सोनोग्राफीत खडा सतत दिसत राहतो, त्यामुळे नेम वेळोवेळी सुधारता येतो. त्वचा व यंत्र यांमध्ये जेल लावतात, कारण हवेचे बुडबुडे तरंगांना अडवतात.

फायदे व मर्यादा
या पद्धतीत किरणोत्सर्ग होत नाही. लहान मुलांच्या बाबतीत हे विशेष महत्त्वाचे ठरते. युरिक आम्लाचे खडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत, सोनोग्राफीत मात्र दिसतात. मूत्रवाहिनीच्या मधल्या भागातील खडा आतड्यांतील वायूमुळे शोधणे कठीण जाते. वेध घेण्याची अचूकता तंत्रज्ञाच्या कौशल्यावर अवलंबून असते. गरोदरपणात, तसेच रक्त न गोठण्याच्या विकारावर उपचार झालेला नसताना आघात तरंग वापरत नाहीत. खडा मोठा किंवा फार कठीण असल्यास दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया अधिक योग्य ठरते.

परभणी जिल्ह्याच्या संदर्भात
मराठवाड्यातील परभणी जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. उन्हात काम करताना घामावाटे पाणी जाते आणि पुरेसे पाणी न प्यायल्यास लघवीतील क्षार दाट होऊन खडे तयार होऊ शकतात. खडा फोडल्याने ही प्रवृत्ती नाहीशी होत नाही. म्हणून उपचारानंतरही भरपूर पाणी पिणे आणि तुकडे पूर्णपणे बाहेर पडल्याची खात्री करण्यासाठी फेरतपासणी करणे आवश्यक असते. उपचारानंतर ताप, थंडी वा लघवी अडणे ही लक्षणे दिसल्यास तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार नोंदणी नसलेल्या केंद्रास सोनोग्राफी यंत्र विकता येत नाही.